वंगणमामांच्या छातीतलं चाक

जन्मभर यंत्रांना वंगण घातलं, म्हणून कारखान्यात लहानथोर सगळे त्यांना वंगणमामा म्हणत. बेअरिंग कुरकुरलं की मामा जेवणाचा डबा तसाच टाकून धावायचे. "घासलं की झिजलंच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी भांडत असलं तरी म्हणायचे, "अरे, दोन थेंब गोड बोला की!"

निवृत्तीनंतर त्यांचं हृदयच थकलं. पाय सुजायचे, अर्ध्या जिन्यात धाप लागायची. औषधांनी हात टेकले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मुठीएवढा पंप टेबलावर ठेवला. "हा हृदयाला जोडायचा. आतलं चाक रक्त पुढे ढकलतं."

"आणि बेअरिंग?"

"बेअरिंगच नाही. चुंबकं चाकाला अधांतरी धरतात. ते फिरतं, पण कशालाच टेकत नाही."

मामा पंपाकडे बघतच राहिले. मामी कोपराने ढोसत म्हणाली, "अहो, हो म्हणा ना!"

"थांब गं. टेकत नाही म्हणतायत त्या..."

शस्त्रक्रियेनंतरच्या गुंगीत त्यांना कारखाना दिसत राहिला. सगळी चाकं आसांवरून अलगद उचललेली, हवेत फिरणारी. आवाज नाही, धूर नाही. मामा तेलाची झारी घेऊन त्यांच्यामधून हिंडत होते आणि झारी कुठेच वाकवावी लागत नव्हती. जरा वाईट वाटलं, पण फार हलकंही वाटलं.

घरी आल्यावर कमरेला बॅटऱ्यांचा पट्टा आला. चार्जिंगवरून मामीने सुनेला बजावलं, "तुझा फोन नंतर. आधी माझा नवरा!"

एका सकाळी मामीने सवयीने त्यांचं मनगट धरलं आणि पांढरीफटक पडली. "अहो, नाडी लागत नाही!"

"मग बोलतंय कोण?" मामा हसले. "हे चाक ठोके देत नाही, नुसतं वाहतं. सांगितलं होतं ना बाईंनी?"

सांगितलेलं वेगळं, हाताला लागलेलं वेगळं. तिने त्यांच्या छातीला कान लावला. बारीक गुणगुण होती, लांबून पाणी वाहत यावं तशी. ती कितीतरी वेळ तशीच राहिली.

पुढे उन्हाचे दिवस आले. मामी कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर निघाली, तर मामा मागोमाग. वर पोहोचले, तरी धाप नाही. दोघांनी ओली चादर दोन टोकांना धरली आणि वाऱ्याने ती फुगून वर उचलली गेली.

"दोरीवर टाका आता," मामी म्हणाली.

"राहू दे जरा," मामा म्हणाले.