भितनी काच

ती घटना आठवली की आजही माझे डोके तापते. ठेकेदारावर जितका संताप येतो, तितकाच आमच्या ठाण्यावर.

नव्वद सालच्या आसपास मी जळगावात फौजदार होतो. एका नव्या व्यापारी संकुलाला पुढून वरपासून खालपर्यंत काच लावली होती, तीही पश्चिमेला. वैशाखात दुकानदार आतून गोणपाट टांगून बसत. पण मालकाला मुंबईसारखी इमारत हवी होती. एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरची काच चौकटीसकट खाली आली. बोदवडहून लग्नाचा बस्ता घ्यायला आलेली एक बाई जागीच गेली.

ठेकेदाराने त्याच संध्याकाळी काच बसवणाऱ्या कारागिराला ठाण्यात आणून उभे केले. नरडाण्याकडचा गरीब माणूस. साताऱ्याकडून बदलून आलेल्या आमच्या हवालदाराने जबाब लिहिला: "मी भिंतीची काच सैल सोडून दिली." खाली अंगठा. मी वरवर वाचून सही केली. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा, अटक. जामीन मिळण्यासारखा होता, पण त्याला जामीनदार कोण राहणार? आणि ठेकेदार? तो माझ्यासमोर खुर्चीत बसून चहा पीत होता.

तिसऱ्या दिवशी त्याच बांधकामावरचे एक म्हातारे गवंडी आले, सगळे त्यांना नाना म्हणत. म्हणाले, काच राहू द्या, साहेब, मागची वीट वाजवून बघा.

पंच घेऊन गेलो. भाजलेली वीट विटेवर आपटली की टणटण वाजते. ही बद्द वाजली. एक वीट बादलीत टाकली. पंचनामा लिहून होईपर्यंत तिच्या कडा विरघळल्या, पाणी लाल झाले. असल्या विटेत चौकटीचे स्क्रू कशाला धरतील?

ठाण्यात परतलो आणि कारागिराला समोर बसवून पहिल्यापासून विचारले. तो खाली बघत म्हणाला, "तेच तं सांगं व्हतं साहेब. भितनी काच सोडी दिन्ही."

माझे आजोळ चाळीसगावकडचे. माझ्या कानाला ते लगेच कळले. 'भितनी' म्हणजे 'भिंतीची', असे हवालदाराला वाटले, आणि 'मी' त्याने स्वतःच्या पदरचा घातला. पण अहिराणीत 'भितनी' म्हणजे 'भिंतीने' असेही होते. भिंतीने काच सोडून दिली! बिचारा पहिल्या दिवसापासून खरे सांगत होता, आणि आम्ही ते कबुली म्हणून लिहून घेतले.

मग ठेकेदाराला बोलावले. या वेळी खुर्ची दिली नाही. दोन तास त्याने वीटभट्टीवाल्यावर, उन्हावर, नशिबावर ढकलले. बादलीतला गाळ पुढे ठेवला तेव्हा वैतागून म्हणाला, "साहेब, काच लावल्यावर मागची वीट कोण बघतो?"

एक बाई मेली होती, आणि हा मलाच विचारत होता.

दोषारोपपत्र त्याच्यावर गेले. कारागीर सुटला, पण कोर्टाचे कागद होईपर्यंत अकरा दिवस आत काढून. जाताना मी विचारले, अंगठा का दिलास? म्हणाला, "माले कोनी वाची दाखाडं?"

 त्यानंतर नोकरी संपेपर्यंत माझ्या ठाण्यात जबाब सांगणाऱ्याच्या बोलीत लिहिला गेला आणि त्याला वाचून दाखवला गेला. हवालदार कुरकुरत, वेळ जातो म्हणत. जाऊ दे. ठेकेदाराने कच्च्या विटेवर काच चढवली. आम्ही एका माणसाच्या खऱ्या बोलण्यावर शुद्ध मराठी चढवली. ठेकेदारावर खटला झाला. आमच्यावर कोणी केला नाही.