दुसऱ्या हाताचा रकाना

पंपाने तिसरा झुरका ओढला आणि शिट्टी वाजली. बारीक, पण स्पष्ट. मी आकडा लिहून घेतला. मर्यादेच्या बराच वर होता. खरं सांगते, मला आनंद झाला.

टेबलावर इरफानचा ॲटोमायझर होता. इरफानने स्वतः डिझाइन केलेला पहिला. आणि तो फेल होत होता.

व्हेप म्हणजे बॅटरीवर चालणारी सिगारेट. तिच्या टोकाला अंगठ्याच्या पेराएवढी धातूची डबी असते, तिच्यात द्रवाची वाफ होते. तीच ॲटोमायझर. बहुतेक लोक तयार घेतात आणि खराब झाली की फेकतात. रिबिल्डेबल प्रकारात आतलं सगळं आपण बांधायचं. तारेचे पाच-सहा वेढे घालायचे, ती कॉइल. तिचे दोन पाय तळाच्या चकतीवरच्या, म्हणजे डेकवरच्या, दोन भोकांत घालून स्क्रूने आवळायचे. वेढ्यांच्या पोटातून कापूस ओवायचा. कापूस द्रव शोषतो, तार तापते, वाफ होते.

ती वाफ तोंडापर्यंत नेते हवा. तिच्यासाठी बाजूने फटी असतात. हवा थेट कॉइलवर आली पाहिजे. नेम चुकला तर कापूस करपतो आणि तो करपट धूर माणसाच्या छातीत जातो. फट अडली तर ओढायला जोर लागतो, शिट्टी वाजते. आमच्या लॅबमध्ये माणसं ओढत नाहीत. पंप ओढतो आणि किती जोर लागला ते दाबमापक सांगतो.

मी स्वतः व्हेप कधी ओढलेला नाही. लोक विचारतात, मग ही नोकरी कशाला करतेस? मी म्हणायचे, लोकांच्या छातीत जायची वस्तू आहे, कुणीतरी प्रामाणिकपणे मोजायला नको का? हे वाक्य मी मान वर करून म्हणायचे.

आमची फॅक्टरी रास अल खैमाच्या फ्री झोनमध्ये आहे. मी आणि इरफान एकाच महिन्यात तिथे लागलो. मी टेस्टिंगला, तो प्रॉडक्शनला. मी खेडची, तो दापोलीकडचा. दोघंही शारजात राहतो, म्हणून त्याच्या गाडीतून जातो-येतो. सगळी शारजा सकाळी दुबईच्या दिशेने अडकून पडलेली असते आणि आम्ही उलट्या बाजूने मोकळ्या रस्त्याने जातो. इरफान रोज समोरच्या जॅमकडे बघून म्हणतो, "बघ गो, आपलं नशीब." तीन वर्षं हे एकच वाक्य. मला त्याचा राग कधी आला नव्हता.

मग डिझाइनमध्ये एक जागा निघाली. आम्ही दोघांनी अर्ज केला. माझ्याकडे मेकॅनिकलची डिग्री, त्याच्याकडे डिप्लोमा. जागा त्याला मिळाली.

माझे वडील कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटायचे. हातमोजे मागा, मास्क मागा, काम करणाऱ्याला त्याच्या कामाचा मान द्या, असली पत्रकं. घड्या घालायचं काम माझं असायचं, त्यामुळे ती मला पाठ होती. हाताने काम करणारा माणूस कागदवाल्यापेक्षा कमी नसतो, यावर मी कॉलेजात भाषणं ठोकलेली आहेत. आणि त्या दिवशी माझ्या मनात पहिला शब्द आला तो ‘डिप्लोमावाला’.

त्यानंतर त्याचं सगळंच खुपायला लागलं. त्याच्या टेबलाला खिडकी होती. हालामॅडम, म्हणजे आमच्या लेबनीज मॅनेजर, त्याच्या विनोदांवर हसायच्या. डिझाइनच्या पगारावर त्याने मोठा फ्लॅट घेतला, बायकोला आणि मुलीला गावाहून आणलं. गाडीत तो मुलीच्या शाळेचं सांगायचा आणि मी खिडकीबाहेर वाळू बघत बसायचे. फक्त त्याचं प्रोबेशन अजून संपलं नव्हतं. ते या एका ॲटोमायझरच्या रिपोर्टवर ठरणार होतं. आणि रिपोर्ट लिहिणार होते मी.

आमच्या लॅबला एक नियम आहे. रिबिल्डेबल वस्तूची कॉइल प्रत्येक गिऱ्हाईक आपापल्या हाताने बांधणार. म्हणून टेस्टही दोन वेगळ्या माणसांनी बांधून करायची. फॉर्मवर दोन रकाने आहेत, बिल्डर एक आणि बिल्डर दोन. एकाच्या हाताला फेल झालं तर तो हाताचा दोष असू शकतो. दोघांच्या हाताला झालं तर डिझाइन फेल.

पहिली कॉइल मी बांधली. शिट्टी वाजली. दुसरी बांधायची होती शाजीने. तो आमचा केरळचा टेक्निशियन, वीस वर्षं तारा वळतोय. तो त्या दिवशी नव्हता. एक दिवस थांबायला हरकत नव्हती. पण मला माहीत होतं की शाजीचा हात चांगला आहे. त्याच्या हाताला शिट्टी कदाचित वाजणार नाही, असं कुठेतरी वाटत होतं.

दुसरी कॉइलही मीच बांधली. पुन्हा शिट्टी. बिल्डर दोनच्या रकान्यात मी लिहिलं, शाजी. लिहिताना स्वतःला सांगितलं, दोष तर आहेच, मी फक्त वेळ वाचवतेय, लोकांच्या छातीचा प्रश्न आहे. रिपोर्ट हालामॅडमच्या ट्रेमध्ये ठेवला आणि चहा प्यायले. चहा छान लागला.

संध्याकाळी गाडीत इरफान म्हणाला, "काय गो, आज गप्पशी?"

"डोकं दुखतंय."

"रिपोर्ट दिलास?"

"दिला."

"फेल?"

मी मान हलवली. उम्म अल क्वैनचा फाटा मागे पडला. मग त्याने विचारलं, "एका हाताला की दोन्ही?"

"दोन्ही."

"मग खलास. तुझ्या एकटीच्या हाताला वाजलं असतं तर भांडलो असतो. शाजीच्या हातालाही वाजतंय म्हटल्यावर काय भांडणार? उद्या नऊला हालामॅडमना सांगतो, मला परत प्रॉडक्शनला घ्या."

"एवढी घाई कशाला?"

"लोकांच्या छातीत जायची वस्तू आहे. तूच म्हणतेस ना?"

तेवढ्यात त्याच्या मुलीचा फोन आला. त्याने स्पीकर लावला. "झोया, जेवलीस काय?"

"आय ॲम नॉट हंगरी, पप्पा. व्हेन आर यू कमिंग?"

"येतोय. तुझ्या अम्मीला सांग, आज गोड नको करू."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी नाही बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीतही नाही. त्याने समोरच्या जॅमकडे पाहिलं, पण त्याचं ते नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. ते ऐकू न आल्याचा मला एवढा त्रास होईल असं वाटलं नव्हतं.

नऊला दहा कमी असताना मी हालामॅडमच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "मॅडम, रिपोर्टमध्ये एक चूक आहे. दुसरी कॉइल शाजीने बांधली नाही. मी बांधली."

त्यांनी मान वर केली नाही. टेबलावर माझा रिपोर्ट होता आणि त्याच्या शेजारी शाजीचा रजेचा अर्ज, त्यांच्याच सहीचा. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "शाजी काल व्हिसा मेडिकलला गेला होता. मी विचार करत होते, एक्स-रेच्या लाइनमध्ये उभं राहून कॉइल बांधली की काय."

मी अर्जावरची तारीख वाचली.

"तू स्वतःहून येतेस का, हे बघायला नऊपर्यंत थांबणार होते मी. मग तुला बोलावणार होते. का केलंस?"

"मला ती जागा हवी होती."

"आय नो. पण ही चूक नाही, हबीबती. चूक म्हणजे आकडा चुकणं. वॉर्निंग लेटर मिळेल. आता यल्ला, चल, शाजी आलाय. माझ्यासमोर करा. इरफानलाही बोलाव, आणि त्याला तू सांग. मी सांगणार नाही."

इरफानला मी कॉरिडॉरमध्येच सांगितलं. दोन वाक्यांत.  तो म्हणाला, "म्हणजे शाजीने बांधलीच नाही अजून?" एवढंच. राग नंतर आला असेल. त्या क्षणी त्याच्या डोक्यात फक्त ॲटोमायझर होता. याचाही मला हेवा वाटला.

शाजीने तार वळली, पाय कापले, स्क्रू आवळले, कापूस ओवला. पंप सुरू झाला. तीन झुरके. शिट्टी नाही. आकडा मर्यादेच्या आत.

हालामॅडम म्हणाल्या, "आता मुग्धा."

सगळ्यांसमोर मी पुन्हा बांधली. जीव तोडून, नीट. पहिल्याच झुरक्याला शिट्टी वाजली. हेतू बदलला म्हणून हात बदलत नाही, हे तेव्हा कळलं.

"मुद्दाम करत नाहीये मी," मी म्हटलं.

"माहितेय," इरफान म्हणाला. त्याने दोन्ही डेक शेजारी ठेवले आणि भिंगातून पाहिलं. मग मला बोलावलं. "पाय बघ. तू आखूड कापतेस. या डेकला तार अडकवायचे खांब नाहीत, नुसती भोकं आहेत. पाय जेवढे लांब, तेवढी कॉइल वर. तुझी खाली बसलीय, अर्धी फट झाकून. हवा उरलेल्या फटीतून घुसतेय, म्हणून वाजतंय."

"किती लांब कापायचे?"

"सहा मिलिमीटर."

"हे कुठे लिहिलंय?"

तो म्हणाला, "हे काय लिहायचं? हाताला कळतं."

"माझ्या हाताला नाही कळलं. मी इंजिनीअर आहे, तीन वर्षं हेच टेस्ट करतेय. दुकानातून पहिल्यांदा घेणाऱ्याच्या हाताला कसं कळेल? तो आखूड कापेल, नाहीतर फार लांब कापेल. लांब कापले की हवा कॉइलच्या खालून निघून जाईल आणि कापूस करपेल. मग?"

माझा आवाज चढला होता. शाजी तारेचे तुकडे गोळा करायला लागला. हालामॅडम माझ्याकडे नाही, इरफानकडे बघत होत्या.

इरफानने माझा डेक पुन्हा भिंगाखाली धरला. "बरोबर आहे," तो म्हणाला. मग त्याने खोक्यातली किल्ली उचलली. स्क्रू आवळायला प्रत्येक ॲटोमायझरबरोबर एक छोटी किल्ली दिलेली असते. तिच्या दांड्यावर, टोकापासून सहा मिलिमीटरवर, त्याने मार्करने रेघ मारली. "इथे खाच पाडू. कॉइलचा पाय किल्लीला लावायचा, खाचेपाशी कापायचा. वेगळा पार्ट नको, काही नको."

या सगळ्याला पाच मिनिटंही लागली नसतील. दोष मला सापडला होता आणि उपाय त्याला. हालामॅडमनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मी रागाने माझी आखूड पायांची कॉइल कापसासकट कचऱ्यात टाकली.

खाचेच्या किल्लीने मी पुन्हा बांधली. वाजली नाही. रिपोर्ट नव्याने लिहिला. बिल्डर एक, मुग्धा. बिल्डर दोन, शाजी, आणि या वेळी त्याच्याच अक्षरात.

इरफानचं प्रोबेशन संपलं. तो डिझाइनलाच आहे. गिऱ्हाइकांना ती किल्ली फार आवडली, असं सेल्सवाले सांगतात. ड्रॉइंगवर नाव त्याचं आहे. मला वॉर्निंग लेटर मिळालं आणि त्याच्याबरोबर एक काम. खोक्यात टाकायचं माहितीपत्रक लिही, हालामॅडम म्हणाल्या, पहिल्यांदा बांधणाऱ्याला समजेल असं. मी आठवडाभर ते पत्रक घासत बसले. शेवटी एक ओळ घातली: तुम्ही व्हेप ओढत नसाल तर सुरू करू नका. ही ओळ काढली तर राजीनामा देईन, असं ठरवूनच केबिनमध्ये गेले. हालामॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "राहू दे. याच्याहून कडक इशारा खोक्यावर कायद्याने छापावाच लागतो."

इरफान दोन आठवडे गाडीत कामाशिवाय बोलला नाही. पण मला घ्यायला यायचं त्याने थांबवलं नाही. मग एका सकाळी समोरच्या जॅमकडे बघून म्हणाला, "बघ गो, आपलं नशीब." मी म्हटलं, "तुझं." तो हसला. मी गंमत करत नव्हते.

मत्सर गेला नाही. तो गेल्याशिवाय आपण प्रामाणिक होणार नाही, असं मला वाटायचं, ते चुकीचं निघालं. मला अजूनही ती खिडकी हवी आहे. फक्त आता इरफानची वस्तू टेस्टला आली की बिल्डर एकचा रकाना मी शाजीला देते, दोनचा स्वतःकडे ठेवते, आणि शाजी रजेवर असेल तर उद्यापर्यंत थांबते.