ब्लोअर सुरू होण्याआधी चांदवड

ताईचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या घरी रविवारचे कपडे वाळत घालत होते. "नीलू, पिठ्या ढेकूण लय वाढलाय. खोडं पांढरी झालीत नुसती. हे आजच औषध मारायचं म्हणतायत." बादली तशीच ठेवून मी स्कूटर काढली.

महिन्यापूर्वी माझ्याच आग्रहावरून ताई-दाजींनी द्राक्षबागेत मित्रकिडे सोडले होते. नारिंगी डोक्याचे, मसुराएवढे भुंगेरे. ते आणि त्यांच्या अळ्या पिठ्या ढेकणाला, म्हणजे वेलीचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीला, खातात. औषध मारलं की तेही मरणार. शिवाय काढणी तोंडावर आलेली. मण्यांत औषधाचा अंश सापडला तर व्यापारी माल नाकारणार. न मारता ढेकूण घडांत शिरला, तरी नाकारणारच.

नाशिक-चांदवड रस्ता उत्तम आहे. दुचाकीला टोल नाही, पण ओझरच्या पुढे ट्रक अगदी अंगावर येतात, तेव्हा डावी बाजू सोडू नका. पिंपळगावला मिसळ जरूर खा, दोघांत एक पुरते. मी मात्र अर्धी टाकून उठले. दाजी फोन उचलत नव्हते. भुंगेरे देणारा माणूस बोलता बोलता म्हणाला होता, की यांच्या अळ्याही ढेकणासारख्याच पांढऱ्या, कापसाळ दिसतात, फक्त डिवचल्या की पळतात. ताईने पाहिल्या त्या अळ्या की खरंच ढेकूण? वडाळीभोई मागे पडेपर्यंत हाच विचार. दोन्ही बाजूंच्या बागा आल्या-गेल्या, एकीकडेही लक्ष गेलं नाही.

पोहोचले तर ट्रॅक्टरला औषध फवारायचा ब्लोअर जोडलेला, टाकीत पाणी चढत होतं. दाजी नळीपाशी उभे. मी अळ्यांचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुला खात्री हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "आधी बघू द्या."

पाणी बंद करून तेही आले. ताई आधीच वेलीखाली वाकली होती. खोडावर पांढऱ्या लोकरीचे पुंजके. मी गवताच्या काडीने एकाला डिवचलं. जागचा हलला नाही. दुसराही नाही. तिसऱ्याला काडी लागली आणि तो तुरुतुरु पळत सालीत शिरला. मग आणखी पुंजके डिवचल्यावर कळलं, पळणाऱ्या अळ्याच जास्त होत्या. एक तर आमच्यादेखत ढेकणाला धरून बसली.

दाजींनी उकिडवं बसून स्वतः दोन-चार पुंजके डिवचून पाहिले. मग म्हणाले, "आठवडाभर थांबतो. पुढं मात्र माझ्या मनाचं करीन."

जेवून उन्हं कलताना निघाले. घरी आल्यावरही रोज फोन करत राहिले. आठवडाभरात ढेकूण कमी झाला, आणि औषध न मारताच काढणी झाली. बांधाकडच्या ओळींत ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी मुंग्यांनी मित्रकिड्यांना हुसकावून त्याची राखण केली होती, तिथले घड टाकावे लागले. बाकी माल व्यापाऱ्याने उचलला. पुढच्या वर्षी आधी मुंग्यांचं बघायचं, असं दाजींनी ठरवलंय.

सगळे म्हणतात, नीलूमुळे बाग वाचली. मला मात्र राहून राहून वाटतं, तिसऱ्यालाही काडी लावली नसती तर औषधासाठी टाकीचा नळ पुन्हा मीच सोडला असता.