दाव्याची गाठ आणि रेडियन

गुडघे गेल्यापासून माझं जग अंगण आणि गोठा एवढंच आहे. डिंभ्याचं धरणसुद्धा मी आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकते. मी शिकले चौथीपर्यंत. नातीचं गणित मला कळायचं कारण नव्हतं, पण गणितात नापास झालीस तर लग्न, असं तिच्या बापानं, म्हणजे माझ्या मुलानं, तिला बजावलं होतं. तिला पुण्याला जाऊन इंजिनिअर व्हायचं होतं.

एके सकाळी तिनं अंगणात पुस्तक आपटलं.

"आजी, हे रेडियन डोक्यात शिरंना बघ."

"बोंबलू नगं. काय असतं ते?"

"वर्तुळाच्या कडेवर त्रिज्येएवढंच अंतर जायचं. तेवढ्यानं मधे जो कोन होतो, तो एक रेडियन. पुऱ्या फेरीत सहा आणि वर थोडं."

म्हैस पाण्यावर गेली होती. तिचं दावं खांबाला तसंच होतं. म्हटलं, "घे ते टोक आन फिर."

तिनं दावं ताणून धरलं आणि राख सांडत फेरी मारली. रेघ जुळलीच नाही, शेवट सुरुवातीच्या आत पडला. मोजलं तर सहा दावीसुद्धा भरेनात.

"पुस्तक खोटं हाय का आजी?"

खोटी माझी गाठ होती. धारेच्या वेळी म्हशीनं हलू नये म्हणून मी दावं खांबाला घट्ट आवळते. म्हैस फिरते, दावं खांबाला गुंडाळतं, ती आपोआप आखडते. मी गाठ सोडून सैल फास केला. आता रेघ जुळली. सहा दावी बसली, वर थोडं उरलं. मग तिनं दावं अर्ध्यावर धरून पुन्हा मोजलं. त्या अर्ध्या दाव्याचीही सहा आणि वर थोडंच.

"दावं केवढंबी असू दे, कोन तोच! म्हणून पुस्तकात त्रिज्या सरळ एक धरत्यात!" ती नाचायला लागली.

ती पास झाली. बाप म्हणाला, "शिक की. घोडेगावला शिक. संध्याकाळच्या एसटीनं घरी."

"आन पुणं?" मी विचारलं.

"आये, तुला काय कळतंय त्यातलं?"

नात घोडेगावला जायला लागली. एसटीचा भरवसा नसतो, म्हणून तो रोज फाट्यावर जाऊन उभा राहतो आणि तिला घेऊन येतो. ती जेवते आणि पुस्तक उघडते. पुस्तक आता आपटत नाही.

म्हशीची गाठ मी सैलच ठेवते. धार काढताना ती लाथ मारते. मारू दे.