फर्स्ट बेसवर एकदा तरी

रविंद्र खांबेटे यांनी बावन्नाव्या वर्षी बेसबॉल खेळायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, चित्राने, गुपचूप गुडघ्याचा पट्टा आणून ठेवला. नवऱ्याने एकदा मनावर घेतलं की बोलण्यात अर्थ नसतो, हे तिला पंचवीस वर्षांत कळून चुकलं होतं.

माणूस सिंगापूरला, तुआसच्या गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करणारा. हौगांगच्या घरून जाण्यायेण्यात रोजचे तीन तास मोडतात. रविवारी इतर लोक झोपा काढतात, हे मात्र सकाळी सातला मैदानावर हजर. पुण्यात वीस वर्षं क्लब क्रिकेट खेळल्यामुळे बेसबॉल म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असा त्यांचा समज. तो समज पहिल्याच मॅचला खोटा ठरला. त्यांनी चेंडू झकास टोलवला आणि बॅट हातात घेऊनच धावत सुटले. बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळायचं असतं. हे क्रिकेटसारखे खाली वाकून बॅट टेकवेपर्यंत चेंडू त्यांच्याआधी फर्स्ट बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या थांब्यावर, पोचलासुद्धा आणि ते बाद झाले. सगळी टीम पोट धरून हसली.

हसण्यावारी नेलं असतं, पण क्लबचा नियम कडक. बारा मॅचच्या मोसमात जो एकदाही फर्स्ट बेसवर सुखरूप पोचला नाही, त्याचं नाव पुढच्या वर्षी टीममधून गळणार. अकरा मॅच झाल्या आणि रविंद्र एकदाही पोचले नाहीत.

मग ते हट्टाला पेटले. कामावर निघण्याआधी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत छत्री फिरवायची, टाकायची आणि लिफ्टपर्यंत पळायचं. शेजारच्या चिनी आजी आधी घाबरल्या, नंतर छत्री उचलून द्यायला लागल्या.

शेवटच्या मॅचला मुलगी ईशाही आली होती. रविंद्रची पाळी आली. पहिला चेंडू हुकला. दुसरा थेट अंगावर आला. ते मागे सरले, तरी बोटांपाशी टक्‌ झालं. चेंडू अंगाला लागला की खेळाडूला फर्स्ट बेस आपोआप मिळतो. अंपायरला वाटलं, हाताला लागला. त्याने तिकडे बोट दाखवलं. रविंद्र चालत गेले आणि फर्स्ट बेसवर उभे राहिले. टीमने टाळ्या वाजवल्या.

चेंडू बॅटच्या मुठीला लागला होता. हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पुण्यात त्यांच्या मैदानावर एक रीत होती. बॅटची कड लागून झेल गेला, तर अंपायरकडे बघायचंसुद्धा नाही, आपणहून चालू पडायचं. ती रीत अंगात भिनलेली. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला. ज्यासाठी वर्षभर जिवाचं रान केलं ते पायाखाली होतं, आणि तिथे उभं राहवत नव्हतं.

ते परत आले. "इट हिट द बॅट," अंपायरला म्हणाले, "नॉट माय हँड."

कोच लिम यांनी कपाळावर हात मारला. "अंकल, यू ऑलरेडी स्टँडिंग देअर. व्हाय कम बॅक?"

अंपायरने तो चेंडू फाउल ठरवला, म्हणजे पाळी अजून बाकी होती. रविंद्रनी पुन्हा बॅट उचलली. पुढचा चेंडू जमिनीलगत टोलवला, बॅट टाकली आणि छाती फुटेस्तोवर धावले. चेंडू अर्धं पाऊल आधी पोचला. अंपायरने बादची मूठ वर केली.

"बाबा, नोबडी सॉ, लाह," ईशा रडवेली होऊन म्हणाली. "का सांगितलंस?"

"मला लागलाच नव्हता गं." त्यांचेही डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

नियमात सूट नव्हती, आणि त्यांनी ती मागितलीही नाही. किट गोळा करणाऱ्या लिमना त्यांनी एवढंच विचारलं, की नव्या लोकांच्या ट्रायल्स कधी असतात. जानेवारीत, असं म्हणून लिमनी बॅगेतून एक फॉर्म काढून दिला. रविंद्र तिथेच बाकावर बसून तो भरायला लागले. नाव, वय, पत्ता. पूर्वीच्या अनुभवाच्या रकान्यात वीस वर्षांचं क्रिकेट लिहिता आलं असतं. त्यांनी लिहिलं, बेसबॉल, एक मोसम.