सिस्टरचे स्वतःचे दात

माझं झेरॉक्सचं दुकान आणि शेजारचा फोटो स्टुडिओ यांच्यात एकच भिंत आहे, आणि तीही इतकी पातळ की पलीकडचं अर्धं बोलणं मला ऐकू येतं. उरलेलं अर्धं काका स्वतः येऊन सांगतात. अठरा वर्षांचा शेजार आहे आमचा.

काकांना सगळे हलूनकाका म्हणतात. स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला ते "हलू नका, हलू नका" असं बजावत असतात. ओळखपत्राच्या फोटोसाठी आलेल्या शाळकरी मुलांनी त्या 'हलू नका'ला एक 'का' जोडून दिला आणि काकांचं नवं बारसं झालं. आता बँकेतले लोकसुद्धा सांगतात, "हलूनकाकांकडून दोन फोटो काढून आणा."

स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली. मागे निळा पडदा, त्याच्या खालच्या कोपऱ्यात काकूंनी लावलेलं ठिगळ. भिंतीवर आरसा, आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा. खुंटीवर एक काळा कोट. ज्याला साहेबी फोटो हवा असेल त्यानं तो घालायचा. आमच्या रस्त्यावरचे निम्मे पुरुष त्याच कोटात नोकरीला लागले आहेत.

पासपोर्टच्या फोटोत माणूस कसा दिसतो, ते सगळ्यांना माहीत आहे. दगड बरा. पण काकांची एक खोड होती. कामाचा फोटो झाला की ते "झालं" म्हणायचे. माणूस सुटकेचा श्वास सोडायचा, खांदे सैल करायचा, आणि नेमक्या त्या क्षणी काका आणखी एक फोटो काढायचे. हा त्यांचा स्वतःचा. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसायचा. असे शेकडो फोटो त्यांच्याकडे होते, आणि खरं सांगायचं तर ते फार सुंदर होते.

दोन वर्षांपूर्वी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी सिस्टर फोटो काढायला आल्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या विभागात छत्तीस वर्षं काढून कधीच निवृत्त झालेली नर्स. काकांची मुलगी त्यांच्याच हातावर जन्मलेली. शिस्त अशी की त्यांच्यासमोर स्टूलसुद्धा सरळ बसत असेल. काका "झालं" म्हणाले तशा त्या म्हणाल्या, "झालं, झालं... हे मी छत्तीस वर्षं बायकांना खोटंच सांगत आले," आणि मोकळेपणानं हसल्या. काकांनी ते हसू टिपलं.

पुढे काकांच्या मुलीनं इंटरनेटवर स्टुडिओचं पान तयार केलं. पहिला फोटो कुठला लावायचा ते काकांनीच ठरवलं. सिस्टरचा.

यंदा एका सकाळी सिस्टर सुनेचा मोबाइल हातात घेऊन स्टुडिओत शिरल्या. मी काकांकडे सुटे मागायला गेले होते, त्यामुळे तिथेच होते. त्यांनी मोबाइल काउंटरवर ठेवला. एका दातांच्या दवाखान्याची जाहिरात होती. शहरात पाच शाखा असलेला दवाखाना. सिस्टरचं तेच हसू, आणि खाली लिहिलेलं, 'कवळी बसवली आणि माझं हसू परत आलं. एक समाधानी आजी.'

"किती घेतलेस?" सिस्टरनी विचारलं.

"कशाचे, सिस्टर?"

"माझ्या तोंडाचे."

सिस्टरनी नखानं पुढच्या दातावर टकटक केलं. "अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे मी. बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर आहेत. सगळे माझे आहेत. सुनेच्या मैत्रिणी तिला विचारतायत, सासूबाईंनी कवळी कुठून बसवली म्हणून."

"शपथ घेऊन सांगतो, मी हा फोटो विकला नाही."

"मग काय तो उडत गेला त्यांच्याकडे?" सिस्टरनी मोबाइल उचलला आणि निघून गेल्या.

वाऱ्याला उशीर होईल, पण आमच्या रस्त्यावर बातमीला होत नाही. हलूनकाका लोकांचे चेहरे विकतात, असं आठवड्याभरात झालं. एका बाईनं मुलीचे फोटो काढून घेतले, पैसे दिले आणि मग काकांच्या शेजारी उभं राहून ते कॅमेऱ्यातून पुसून घेतले. त्या दिवशी काका माझ्या दुकानात आले. "तिचं काही चुकलं नाही, ताई," एवढंच म्हणाले.

शेवटी ते लॅपटॉप घेऊन दवाखान्यात जायला निघाले. काका कॅमेऱ्यामागे वाघ आणि माणसांपुढे शेळी, म्हणून मीही दुकान बंद करून सोबत गेले.

दवाखाना चकचकीत होता. बसायच्या जागेत माशांची काचपेटी, आणि तिच्या वर दाराएवढ्या पोस्टरमध्ये सिस्टर. खालच्या कोपऱ्यात काकूंचं ठिगळसुद्धा तसंच होतं. कापून टाकायचेही कष्ट कुणी घेतले नव्हते.

मॅनेजर तरुण होता, बोलायला गोड. काकांनी त्याला मूळ फोटो दाखवला, ठिगळ दाखवलं. त्यानं मान हलवली. "असेल ना तुमचा. पण आम्ही काही चोरी केलेली नाही. इंटरनेटवर होता. त्यावर कुणाचं नावही नव्हतं."

"रस्त्यात उभ्या असलेल्या सायकलवरही नाव नसतं," मी म्हणाले. "म्हणून काय कुणीही घेऊन जायची?"

काकांनाही जोर आला. "तुम्ही मला विचारलं नाही. त्या बाईंना विचारलं नाही. त्यांच्या तोंडी खोटं वाक्य घातलंत."

"आणि तुम्ही विचारलं होतं?" मॅनेजर तितक्याच गोडीनं म्हणाला. "फोटो तुमच्या पानावर टाकताना. बाईंची परवानगी असेल ना? लेखी?"

मी काकांकडे पाहिलं, ते लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहत होते. मग त्यांनी तो हळूच बंद केला.

"काढून टाकायचा असेल तर मुख्य ऑफिसला ईमेल करा," मॅनेजर म्हणाला. "तीन-चार आठवडे लागतील. आणि बाईंना एकदा घेऊन या. दात मोफत साफ करून देऊ."

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "त्याचं मनावर घेऊ नका. चोराच्या उलट्या बोंबा."

"तो चोर आहेच," काका म्हणाले. "पण विचारलं ते बरोबर विचारलं. चला, सिस्टरकडे जाऊ."

सिस्टर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात. सुनेनं दार उघडलं. सिस्टर खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत होत्या. काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. विकला नाही, पण पानावर मीच लावला. तुम्हाला विचारलं नाही. काढतानाही विचारलं नव्हतं.

सिस्टरनी वर्तमानपत्राची घडी घातली. "वेदनेनं तळमळणाऱ्या बाईलासुद्धा मी कधी न सांगता हात लावला नाही. आधी सांगायचं, तिनं मान हलवली की मग. आणि तू 'झालं' म्हणालास, आणि मग काढलास."

"हो."

"विकला नाहीस ना पण?"

"नाही, सिस्टर."

"मग बस. उभ्यानं माफी मागणारा माणूस पळायच्या तयारीत असतो." काका बसले. सूनबाईंनी चहा टाकला. निम्मा चहा संपल्यावर सिस्टरनी विचारलं, "किती वाजता उघडतो तो दवाखाना?"

दुसऱ्या दिवशी साडेनऊला त्या इस्त्रीचे कपडे घालून दवाखान्यात जाऊन बसल्या. बरोबर पोस्टरखाली. शेजारी कुणी येऊन बसलं की विचारायच्या, "कवळी बसवायला आलात? बसवा हो, जरूर बसवा. फक्त ही वरची बाई मी आहे आणि माझे दात माझेच आहेत. बघा." एका आजोबांनी खरोखर चष्मा लावून बघितले. दवाखान्याचं काम वाईट आहे, असं मात्र त्या एका शब्दानंही म्हणाल्या नाहीत.

मॅनेजरनं दाताच्या कण्या केल्या. "आजी, इथे फक्त पेशंट आणि त्यांचे नातेवाईक बसतात."

"मग बरोबर आहे," सिस्टर वर बोट दाखवून म्हणाल्या. "मी हिची नातेवाईक."

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन माणसं शिडी घेऊन आली आणि पोस्टर उतरवलं. मोबाइलवरची जाहिरातही त्याच आठवड्यात गेली. तीन-चार आठवड्यांचं काम चार दिवसांत झालं. काकांनी मोबदल्यासाठी लिहिलेल्या पत्राला 'नजरचुकीने वापर झाला' एवढंच उत्तर आलं. काकांच्या मुलीनं शोध घेतला तर तोच फोटो आणखी चार जणांनी उचललेला निघाला, त्यातला एक टूथपेस्ट विकणारा. तिघांनी काढला. चौथ्याचा पत्ताच लागत नाही. कुठेतरी सिस्टर अजूनही हसत असतील.

सिस्टर आपल्या पायांनी स्टुडिओत येऊन तासभर बसल्या, तेव्हा रस्त्यावरच्या लोकांना जे कळायचं ते कळलं. गिऱ्हाईक हळूहळू परत आलं. काकांनी पान कोरं केलं आणि घरोघर जाऊन एकेकाला विचारलं. बरेच हो म्हणाले. काही नाही म्हणाले. सिस्टर नाही म्हणाल्या.

काका आता "झालं" म्हटल्यावर थांबतात आणि विचारतात, "आणखी एक काढू? हा माझ्यासाठी." हो म्हणणारी माणसं लगेच पुन्हा ताठ होतात. "पूर्वीसारखे फोटो येत नाहीत, ताई," ते मला म्हणाले. कुरकुर नव्हती त्यात, पण दुःख होतं. "दहात एखादा विसरतो कॅमेरा. तेवढाच."

मध्यंतरी मी त्यांना म्हटलं, सिस्टरचा तो फोटो एकदा नीट दाखवा ना. पोस्टरवर पाहिला तो काय पाहिला.

"सिस्टरना विचारून या," काका म्हणाले.

मी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "बघ की. पण मी येते."

मग एका दुपारी आम्ही तिघं लॅपटॉपसमोर बसलो. काकांनी फोटो मोठा केला आणि जरा मागे सरकले. सिस्टर पुढे वाकून खूप वेळ स्वतःकडे पाहत राहिल्या.

"बरी दिसते मी," त्या म्हणाल्या.