खाऱ्या मातीतला ताटवा

मृणालिनी सामंत गिरगावातल्या दोन खोल्या सोडून भाईंदरला राहायला आल्या, ते साल एकोणनव्वद. केबिन रोडवरून आत वळलं की त्यांची नवी बिल्डिंग. तळमजल्यावरचा फ्लॅट कुणी घ्यायला तयार नव्हतं, तो त्यांनी हट्टानं घेतला. कारण एकच. खिडकीसमोर कंपाउंडच्या भिंतीपर्यंत मातीची एक लांबट पट्टी होती. उभा जन्म त्यांनी डालड्याच्या डब्यांत तुळस नि मोगरा वाढवला होता. आता कुठे जमीन मिळाली होती.

जमीन कसली, मिठागरावर टाकलेली भरणी ती. पहिल्या वर्षी बाईंनी हौसेनं गुलाब आणले, शेवंती लावली. उन्हाळा लागला तशी मातीवर पांढरी खार फुटली आणि पानं कडेकडेनं करपत गेली. सोसायटीचे सेक्रेटरी गुणवंतभाई स्कूटर पुसता पुसता म्हणाले, "भाभीजी, ये नमक की जमीन है. इधर कुछ नहीं होगा. लादी डाल देंगे, स्कूटर खडी रहेगी."

"होगा," मृणालिनीबाई म्हणाल्या. "मैं करके दिखाऊँगी."

उत्तमराव, म्हणजे त्यांचे यजमान, खिडकीत उभे राहून ऐकत होते. बाई आत येताच म्हणाले, "कशाला पैजा मारतेस? नव्या जागेत वाईटपणा नको."

"वाईटपणा कसला? बाग करतेय मी."

ऑफिसातली त्यांची मैत्रीण आयरिन उत्तनची. एका रविवारी बाई तिच्या घरी गेल्या. समोर समुद्र, वारा तोंडावर मीठ मारणारा, आणि तरी अंगणात पांढऱ्या लिलीचे गड्डे फुगलेले, कण्हेर कौलांपर्यंत पोचलेली, सदाफुली तर दगडांच्या फटीतून हसत होती.

"अगो, गुलाबाचे लाड हिकडं चालत न्हाय," आयरिन म्हणाली. "दरसाल नवं लावायचं नि दरसाल रडायचं, कोणी सांगितलाय? जे ठान मांडून बसतंय तेच लाव."

तेच बाईंनी मनावर घेतलं. नखरे करत मिरवणारं एकही रोप आणायचं नाही, वर्षानुवर्षं टिकेल तेच आणायचं. विटांचा कठडा करून वाफा उंच उचलला, म्हणजे खालची खार वर चढणार नाही. चेणे गावाहून टेम्पोनं लाल माती आली, तबेल्यातलं कुजलेलं शेण आलं. भिंतीशी कण्हेर नि तगर, त्यांच्या पुढ्यात कर्दळ, मग लिली, सावलीच्या कोपऱ्यात अबोली, आणि सगळ्यांच्या पायाशी सदाफुली. एकेकटं रोप कुठेच नाही. प्रत्येकाचा घोळका, एक घोळका दुसऱ्यात शिरलेला. एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, असा सगळा हिशेब त्यांनी डोक्यात बसवला होता.

वर्षभरात पट्टी अशी भरली की गुणवंतभाईंना ती बघवेना.

"ये क्या जंगल लगाया है? लगाना ही है तो लाइन में लगाओ ना."

"लाइन में आदमी खडा रहता है, राशन के लिए," बाई म्हणाल्या. "मेरे झाड नहीं रहेंगे."

त्र्याण्णवच्या मे महिन्यात सामंत मंडळी लग्नाला रत्नागिरीला गेली. परत येऊन बघतात तर भिंत उघडी बोडकी. सगळं जमिनीलगत छाटलेलं, आणि वर कुठल्याशा बांधकामाचं राबिट, फुटक्या विटा नि सिमेंटची ढेकळं, ओतलेलं. उत्तमरावांनी सुटकेस खाली ठेवली आणि हळूच म्हणाले, "जाऊ दे गं."

बाई ऐकायला थांबल्या नाहीत. आत गेल्या, पदर खोचला, घमेलं घेऊन बाहेर आल्या. गॅलरी-गॅलरीतून माणसं बघत होती आणि बाई विटांचे तुकडे उचलून कंपाउंडच्या फाटकाशी नेऊन टाकत होत्या.

गुणवंतभाई धावत आले. "कमिटी का डिसीजन है, भाभीजी!"

"तो कमिटी को बोलो, नीचे आके घमेला पकडे."

कुणी खाली उतरलं नाही. बाईंनी उन्हात सगळं राबिट एकटीनं उपसलं. तळाशी पोचल्या तेव्हा त्यांचा हात थबकला. कर्दळीचे कोंब ढिगाऱ्याखालून वाट काढत आले होते; उजेडाविना पिवळे पडलेले, वाकडे, पण जिवंत. शेजारी लिलीच्या गड्ड्यांनीही माना काढलेल्या. राबिट उचलताना डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या बाई तिथे मातीत बसून रडल्या.

पुढच्या रविवारी लादीवाले आले. बाईंनी घरातली लाकडी खुर्ची आणली, वाफ्यात कोंबांना सांभाळून मांडली आणि तीवर बसल्या. "डालो लादी," त्या म्हणाल्या, "मेरे ऊपर से डालो."

कारागीर घुटमळले. गुणवंतभाईंचा आवाज चढला. तेवढ्यात घराचं दार वाजलं. उत्तमराव दुसरी खुर्ची घेऊन येत होते. जन्मात कधी कुणाशी भांडले नव्हते ते. बायकोशेजारी बसले आणि म्हणाले, "मृणाल, चहा आणू का?"

कारागिरांनीही तो चहा घेतला आणि पाट्या उचलून गेले.

वार्षिक सभेत विषय निघाला तेव्हा बाई उठून म्हणाल्या, "ही जागा सगळ्यांची, मान्य. मग तोडण्याआधी सगळ्यांना विचारायचं होतं." हात वर झाले. दोन मतं जास्त पडली आणि पट्टी वाचली. स्कूटरी पाण्याच्या टाकीमागे गेल्या. गुणवंतभाईंनी त्या दिवसापासून बाईंशी बोलणं टाकलं, ते कायमचंच. बाईंनीही कधी आपणहून ते जोडलं नाही.

तगर पुन्हा वर यायला दोन वर्षं गेली. अबोली गेली ती गेलीच; ती जागा गवती चहानं घेतली. सत्त्याण्णवला बिल्डिंग रंगवायला काढली, तेव्हा नव्या कमिटीचा माणूस भिंतीच्या रंगाचे नमुने घेऊन बाईंच्या दारात आला. "काकू, कुठला आवडतो सांगा."

"कुठलाही लावा," बाई म्हणाल्या. "भिंत दिसतेय कुणाला?"